नमुन्याचा ड्रम

बाबा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा विद्यापीठाचं पत्र आलं, आणि ते बाबांच्याच नावानं आलं. त्यांच्या प्रबंधाबद्दल एका परीक्षकानं शंका काढली होती. तिचा खुलासा करण्यासाठी ‘उमेदवार श्री. अमृतराव पाईकराव यांनी समितीसमोर व्यक्तिशः हजर राहावे. गैरहजर राहिल्यास त्यांना काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.’

मी ते आईला वाचून दाखवलं. आई गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्यायला सांगायचं लय असंल. पन हे लोक ऐकणार कसं?”

मी परभणीला एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. बाबा हिंगोलीत पदार्थविज्ञान शिकवायचे. पन्नाशी ओलांडल्यावर, जिल्हा नवा झाला त्याच वर्षी, त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. मला त्यातलं कळतं ते एवढंच. काही पदार्थ दाबले की वीज देतात. काही पदार्थ चुंबकाजवळ नेले की जरासे आकसतात. दोन्हींची पूड मिसळून, दाबून, भट्टीत भाजून टिकली केली, तर चुंबक जवळ आल्यावर एक आकसतो, दुसऱ्याला दाबतो, आणि टिकलीच्या दोन बाजूंना व्होल्टेज मिळतं. “एकाचं दुखणं दुसऱ्याला कळलं पाहिजे, एवढीच भानगड,” असं बाबा सांगायचे. आई त्यांना टिकल्याच म्हणायची. “टिकल्या जळाल्या का आजबी?” असं ती दारातच विचारायची.

जळायच्याच. त्या वर्षांत हिंगोलीत वीज जास्त वेळ नसायची आणि कमी वेळ असायची. भट्टी तापवायची, अकराशे अंशांच्या वर नेऊन तिथं तासन्‌तास धरून ठेवायची आणि मग सावकाश उतरवायची, हे काम भारनियमनाच्या वेळापत्रकात कुठंच बसत नसे. वेळापत्रक छापलं जायचं, पाळलं जायचं नाही. बाबा शांतपणे पुन्हा पूड घ्यायचे. त्यांच्या त्या शांतपणाचा मला फार राग यायचा.

राग येण्यासारखी आणखी एक गोष्ट होती. अशा टिकल्यांसाठी जगभर शिसं असलेला पदार्थ वापरतात, कारण त्यानं व्होल्टेजचा आकडा मोठा येतो. बाबांचे मार्गदर्शक रामप्रसाद सर त्यांना पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते. पण शिसं भट्टीत वाफ होऊन बाहेर पडतं, आणि महाविद्यालयातली भट्टी ज्या खोलीत होती तिच्या खिडकीखाली मुली डबे खायला बसत. बाबांनी खिडकी बुजवायला अर्ज केला, तो नामंजूर झाला. खोली बदलून मागितली, ती मिळाली नाही. मग ते म्हणाले, “ठीक आहे, शिसं नको.” बेरियम टायटनेट आणि कोबाल्ट फेराइट घेतलं. कमी आकड्याचं, पण निरुपद्रवी. प्रबंधाच्या नावातच ‘शिसेविरहित’ हा शब्द होता.

आणि परीक्षकाची शंका अशी होती, की टिकल्यांमध्ये शिसं आहे.

*

रामप्रसाद सरांना भेटायला मी विद्यापीठात गेले. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत पंख्याकडे बघत राहिले.

“परीक्षकांनी टिकल्यांचे तुकडे स्वतः तपासून घेतले, ताई. शिसं निघालं.”

“किती?”

“फार नाही. पण जिथे आकडा सगळ्यात चांगला आला तिथे सगळ्यात जास्त आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे लोक म्हणायचं ते म्हणणार.”

“लोकांचं राहू द्या. तुम्ही काय म्हणता, सर?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हता. बाबांच्या जलदानविधीला उन्हात एवढ्या लांब आला होता. “माणूस थकतो,” ते म्हणाले. “रिटायरमेंट जवळ आली होती. मी त्यांना किती वेळा म्हटलं, शिसं घ्या आणि तसं लिहा, कोणी फाशी देत नाही. ते हट्टाला पेटले. शेवटी एखाद्या दिवशी वाटलं असेल, चिमूटभर टाकून बघू.”

“बाबांना?”

“ताई, मी समजू शकतो.”

“मी नाही समजू शकत.”

चहा आला. सर खालच्या आवाजात म्हणाले, की सोपा मार्ग म्हणजे कुटुंबानं प्रबंध मागे घ्यावा. फाईल बंद होते, कोणी काही लिहीत नाही. नाही घेतला तर समितीला निर्णय लिहावा लागेल, आणि त्यात ‘फसवणूक’ हा शब्द येईल. तो शब्द मग महाविद्यालयात जाईल, तिथल्या कपाटात राहील.

“पूड मिसळायचं काम ते कशात करत?” त्यांनी उगाच विचारलं.

“हळदीच्या ड्रममध्ये. तुम्हाला माहीत होतं.”

“हो हो, हसलो होतो मी तेव्हा. पण हळदीत शिसं कुठून येणार? थोडं क्रोमियमही निघालंय, पण ते ड्रमच्या स्टीलचं असणार. त्याला काही अर्थ नाही.”

बाहेर पडताना मी कार्यालयात विचारलं, की समितीपुढे उमेदवाराच्या वतीनं मी बोलू शकते का. कारकुनानं मृत्यूचा दाखला नीट वाचला. “बोलू शकता की. फक्त उमेदवाराचं संमतिपत्र आणा.”

“उमेदवार वारलेत. दाखला तुमच्या हातात आहे.”

“तो बरोबरच आहे, मॅडम. पण संमतिपत्र वेगळं असतं.”

परतीच्या एसटीत मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नुसतं डोकं दुखत राहिलं.

*

ड्रमची गोष्ट सांगायला हवी. अशी पूड तासन्‌तास घोटून घ्यावी लागते, त्यासाठी यंत्र असतं, आणि ते महाविद्यालयात नव्हतं. पण आमच्याकडे हळद आहे. हळद शिजवून वाळवली की ती ड्रममध्ये घालून फिरवतात, घासून घासून साल निघतं आणि हळकुंडाला चमक येते. त्याला पॉलिश म्हणतात. नर्सीच्या रस्त्यावरच्या तांड्यात गुलाबसिंगकाकांचं पॉलिशचं शेड होतं. काका आणि बाबा वसतिगृहात एका खोलीत राहिलेले. मोठ्या ड्रमच्या शेजारी त्यांच्याकडे एक लहान ड्रम होता, नमुन्याचा. शेतकऱ्यानं मोंढ्यात व्यापाऱ्यांना दाखवायला नेण्यापुरती थोडी हळद त्यात पॉलिश करायची. बाबांनी त्यात चिनी मातीचे गोळे टाकले आणि आपलं दळण सुरू केलं. काका फुकट फिरवू देत. पावसाळ्यात ड्रम बाबांचाच असे. हंगामात सकाळी हळद आणि संध्याकाळी बेरियम.

दर वेळी बाबा ड्रम स्वतः धूत. आधी शुद्ध पाण्यानं, मग अ‍ॅसिटोननं. साबण कधी लावू देत नसत, साबणातला सोडा राहिला तर टिकली बिघडते म्हणून. सांध्यांमध्ये पिवळं उरायचंच. त्याची त्यांना फिकीर नव्हती. “हळद म्हणजे शेवटी वनस्पती. भट्टीत जाऊन तिचं काय राहतंय? धूर.” ड्रमच्या पत्र्याचं लोखंड झिजून मिसळलं तरी चालेल म्हणत, फेराइटमध्ये नाहीतरी लोखंडच असतं. हे सगळं, आणि हंगामात आकडा चढतो नि पावसाळ्यात पडतो तो का, हे त्यांनी मला जेवताना एवढ्या वेळा सांगितलं होतं, की मी मान डोलवत दुसरंच काही वाचत बसायची.

त्यांचे गोळे अजून शेडातच होते. आईला ते घरी हवे होते. “दुसऱ्याच्या दारात त्यायची वस्तू कशाला? घेऊन ये. आन धुऊन आन, घरात हळदीचा राडा नको.”

मार्च महिना होता, शेडसमोर ट्रॅक्टर लागलेले. ड्रमच्या आवाजात काकांनी मला हातानंच बस म्हटलं. मी गोळे बादलीत घेतले, हौदावरचा साबण घेतला आणि बसले धूत. फेस लाल झाला. त्यात नवल नव्हतं, हळदीला साबण लागला की लाल होतो, प्रत्येक बाईला हळदीची साडी धुताना ते दिसतं. मी पाणी ओतून दिलं, पुन्हा घेतलं. ते परत लालसर झालं. ओतायला बादली कलती केली, तेव्हा तळाशी पिवळा गाळ दिसला.

लाल पाण्याखाली, पिवळाधमक. मी त्याच्यात बोट घातलं, बोटाला साबण चोळला. तो पिवळाच राहिला. पाण्यात ढवळला, तर लगेच खाली बसला, वाळूसारखा जड. हळद अशी बसत नाही.

चित्रकारांच्या रंगांवरचं एक पुस्तक मी मागे वाचलं होतं. त्यात अशा एका पिवळ्याबद्दल होतं. दीडेक शतकापूर्वी युरोपात तो स्वस्त झाला आणि सगळे तोच वापरू लागले. उजेडात काळवंडतो, म्हणून संग्रहालयांना आजही डोकेदुखी आहे. तो शिसं आणि क्रोमियम यांपासून करतात. क्रोमियमला काही अर्थ नाही, असं सर म्हणाले होते.

मी काकांना हाक मारली. त्यांनी गड्याला पट्टा उतरवायला सांगितलं, ड्रम थांबला.

“काका, ड्रममध्ये हळदीबरोबर काय टाकता?”

“पानी.”

“आणि?”

“आनिक काय? हळदीचीच पूड टाकतो जराशी, चमक यायला.”

“आणि?”

त्यांनी खांद्यावरचा पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. “रंग टाकतो थोडा. सगळेच टाकून राहिले, माय. न्हाई टाकला तं अडत्या मालाला हात लावत न्हाई. म्हंतो, ही हळद हाय का ढेकळं?”

“नमुन्याच्या ड्रममध्ये पण?”

“नमुन्यालाच तं जास्त लागते. मोंढ्यात नमुनाच बघतेत.”

“बाबांना माहीत होतं?”

“मास्तरला काहून सांगू? थो आला की मी पोत्यावर ताडपत्री टाकत व्हतो. न्हाईतर इच्यारलं असतं, हे काय हाय, कशाचं हाय, कोन बनवते. मंग तासभर लेक्चर. मानूस पॉलिश कवा करंल?”

मी त्यांना शिशाचं सांगितलं. विद्यापीठाचं सांगितलं, फसवणूक शब्दाचं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा बंद होत गेला. मग मला एकदम आठवलं, की दर वर्षी ते आमच्याकडे हळद पाठवत आणि ती मळकट तपकिरी असायची. आई कुरकुरायची, चांगली विकतो आन आपल्याला टाकाऊ देतो.

“आणि आम्हाला देत होता ती हळद?”

“ती बिनपॉलिशची. घरी खायला आमी बी तीच ठिवतो.”

“म्हणजे हे खायचं नसतं, हे तुम्हाला माहीत होतं.”

“रंग कोन खाते? रंग हाय थो.”

“पण विकायला चालतो.”

“ए पोरी,” काका ओरडले, “तुझ्या बापानं मला असं कवाच बोललं न्हाई!”

“त्यांना माहीत नव्हतं म्हणून!”

ट्रॅक्टरवाले बघायला लागले. काका हौदाच्या कडेवर बसले. त्यांच्या हाताच्या रेषांमध्ये तो पिवळा भरलेला होता, भुवयांवर होता. ते हात बघत त्यांनी विचारलं, “मास्तर त्यानंच गेला काय?”

“माहीत नाही, काका. बीपी होतं, झटका आला. डॉक्टरांनी तेवढंच लिहिलं.”

“पन व्हऊ शकते?”

“आता कळायला मार्ग नाही.”

मी गाळ औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरला. जाताना त्यांना समितीपुढे यायला सांगितलं. ते उठून उभे राहिले. “न्हाई. ते न्हाई. सकाळी तिथं बोललो की दुपारी मोंढ्यात बोंब. माझ्या शेडात मंग कुत्रं येणार न्हाई. तू काय मागायचं ते माग, हे न्हाई.” आणि त्यांनी पट्टा चढवायला सांगितलं.

*

बाटली मी रामप्रसाद सरांकडे तपासायला दिली होती. त्यांचा फोन आठवड्यानं आला. आवाज बदललेला होता.

“ताई, जुळलं. तुमच्या बाटलीत शिसं आणि क्रोमियम, जवळपास बरोबरीनं. टिकल्यांमध्येही तीच जोडी, भट्टीत थोडं शिसं उडालं एवढाच फरक. त्यांनी शिसं वेगळं टाकलं असतं तर क्रोमियम असं बरोबर आलं नसतं. मी बघायला हवं होतं.”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“पावसाळ्यात दळलेल्या टिकल्या शोधून काढल्या. एकदम स्वच्छ आहेत.” ते थांबले. “पण आकडा अगदीच सामान्य आहे त्यांचा. तुम्हाला अर्थ लक्षात येतोय ना? त्यांचा जो सगळ्यात चांगला निकाल होता, ज्याच्यावर शेवटचं प्रकरण उभं आहे, तो शिशामुळेच आहे. तुम्ही हे समितीला सांगितलंत तर प्रबंध आपल्या हातानंच पाडाल. त्यापेक्षा मागे घ्या.”

“मागे घेतला तर तो शब्द येणार नाही, पण संशय राहील.”

“संशय काय, चार दिवस.”

“आईला रोज त्याच गावात बाजार करायचाय, सर.”

मग ते म्हणाले, की माझ्या एकटीच्या सांगण्याला वजन नाही. मुलगी बाटली घेऊन आली आणि बाबा निर्दोष ठरले, असं कोणी ऐकणार नाही. रंग त्या ड्रममध्ये आधीपासून पडत होता, हे ज्याचा ड्रम त्यानं सांगायला हवं.

ज्याचा ड्रम तो येणार नव्हता. आईनं निरोप पाठवून पाहिला. काकांनी उलट निरोप धाडला, वैनीला म्हनावं तब्येत सांभाळा. आई एवढी चिडली, की त्या दिवशी तिनं त्यांची उरलेली हळद, ती बिनरंगाची, चांगली हळद, उकिरड्यावर टाकली. मी तिला समजावून सांगितलं, की तीच तर खरी होती. “असू दे खरी,” ती म्हणाली.

समितीच्या दिवशी सकाळी मी हिंगोलीच्या बस स्थानकावर उभी होते. गुलाबसिंगकाका फलाटाच्या टोकाकडून चालत आले, पांढरं धोतर, धुतलेला फेटा, काखेत कापडी पिशवी.

“जास्त बोलू नको,” ते म्हणाले. “मी गवाही द्यायला येऊन राहिलो.”

पिशवीत रंग होता, प्लास्टिकमध्ये बांधलेला. पूर्ण प्रवासात त्यांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही. मी ती बाकाखाली ठेवायला सांगितली, तर म्हणाले, “फुटलं तं? लोकायची लेकरं बसलेत.” बरंच अंतर गेल्यावर खिडकीबाहेर बघत बोलले, “सून पोटुशी हाय. शेड तीच झाडून काढते.” आणि आणखी थोड्या वेळानं, जवळजवळ भांडल्यासारखं, “तुला आधी काहून कळलं न्हाई गं? एवढी पुस्तकं वाचत बसते!”



*

समितीत तीन जण होते. मला बोलू द्यायचं की नाही यावरच आधी चर्चा झाली, कारण संमतिपत्र नव्हतं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, की मला ‘ऐकून घेता’ येईल, पण ते ‘नोंदवता’ येणार नाही. मी ऐकवलं. रामप्रसाद सरांनी आकडे ठेवले. मग अध्यक्षांनी फेट्याकडे पाहिलं.

“आपण कोण?”

“गुलाबसिंग. हळद पॉलिशवाला.”

“आपला या प्रबंधाशी संबंध काय?”

“त्यातलं शिसं माझं हाय.”

 काकांनी पिशवीतून पुडी काढून टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवली. अध्यक्षांनी खुर्ची किंचित मागे घेतली.

“हा रंग आपण किती प्रमाणात टाकता?” दुसऱ्या सदस्यानं विचारलं.

“भाव पाहून.”

“म्हणजे?”

“भाव पडला की जास्त टाकावा लागते, साहेब.”

“श्री. पाईकराव यांना याची कल्पना होती?”

“न्हाई. मी झाकून ठिवत व्हतो. थो असता तं मला टाकू दिला नसता.” मग कोणी न विचारता ते पुढे म्हणाले, “मास्तर थो ड्रम पुसत बसायचा, लेकराचं अंग पुसावं तसा. आमी हसायचो त्याला. त्यानं चोरी केली म्हनता तुमी. करायची असती तं आमच्या ड्रममंदी काहून आला असता हो? घरी केली असती.”

आम्हाला बाहेर बसवलं. व्हरांड्यात बाक नव्हता. काका भिंतीला टेकून उकिडवे बसले, मी उभी राहिले. ज्या सदस्यानं प्रमाण विचारलं होतं ते मधेच बाहेर आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि काकांना हळूच विचारलं, की बिनरंगाची हळद ओळखायची कशी. काकांनी सांगितलं. ते आभार मानून आत गेले.

निर्णय असा झाला. टिकल्यांमधलं शिसं बाहेरून आलं, उमेदवाराच्या हेतूबद्दल शंका घेण्यास कारण नाही. परंतु प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष टिकत नसल्यानं पदवी देता येत नाही. उमेदवारास सुधारित प्रबंध सादर करण्याची संधी देण्यात येते. या शेवटच्या वाक्यावर मी अध्यक्षांकडे बघितलं. त्यांनाही ते जाणवलं असावं. “तो नियमाचा भाग आहे,” ते म्हणाले. “वगळता येत नाही.”

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, “मंग? डिग्री?”

“नाही मिळाली.”

“न्हाई?” ते रस्त्यातच थांबले. “मंग आपुन आलो काहून?”

“बाबांनी फसवलं नाही, असं लिहून दिलंय त्यांनी.”

“थे तं आपल्याला म्हाईतच व्हतं! त्याच्यासाठी मी माझी इज्जत टेबलावर नेऊन ठिवली?”

“हो, काका. त्याच्यासाठीच.”

 मग स्टँडवर त्यांनी मला बळेच उसाचा रस पाजला. पुढच्या हंगामात त्यांनी शेड भाड्यानं दिलं. भाड्यानं घेणारा रंग टाकतोच. हे कळल्यावर मी संबंधित खात्याला पत्र लिहिलं, मग दुसरं लिहिलं. पहिल्याची पोच आली. तपासणीला कोणी आलं नाही.

समितीच्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आई दारातच होती. मी निर्णय वाचून दाखवला, कठीण शब्द सोपे करून. तिनं ‘हेतू’ शब्द पुन्हा वाचायला लावला. मग आत जाऊन स्टोव्हवर चहा ठेवला. तिकडूनच म्हणाली, “म्हंजी जो आकडा आला म्हनून त्या दिवशी त्यायनं पेढे आनले, थो खोटा व्हता.”

“खोटा नव्हता, आई. शिशाचा होता.”

“एकच.” स्टोव्हला ती पंप मारत राहिली. “बरं झालं मंग, त्यायला कळायच्या आधी गेले. सुखानं गेले.”

दिवसभर मी कोणावरच ओरडले नव्हते. आता ओरडले. “बरं नाही झालं! कळलं असतं तर त्यांना आवडलं असतं. तुला कळत कसं नाही? हंगामात आकडा वाढायचा आणि पावसाळ्यात पडायचा, त्याचं कारण ते इतकी वर्षं शोधत होते. ते रोज जेवताना तेच बोलत होते. आपल्या दोघींपुढे. ते कारण आज सापडलं, आणि ते ऐकायला नाहीत. हे बरं झालं?”

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. माझ्याकडे बघत राहिली. बाबा गेल्यापासून मी घरात आवाज चढवला नव्हता, की रडले नव्हते. आता दोन्ही एकदमच होत होतं आणि मला ते आवरता येत नव्हतं.

“ओरडू नको,” ती म्हणाली. “सांग मला नीट. कळलं असतं तं काय केलं असतं त्यायनं?”

मी डोळे पुसले. “ड्रम साबणानं धुतला असता. आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून दळायला घेतलं असतं.”

“पुन्हा?” आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात तोच जुना वैताग होता, बाबा जिवंत असताना रोज असायचा तो. “या वयात? त्या उन्हात, त्या शेडात?”

“हो.”

“अन् लाईट?”

“ती गेलीच असती.”

आईनं कपाळाला हात लावला आणि चहा उतू जातोय म्हणून आत पळाली.